हात कानाच्या वर न नेता : ओकिनावातील सहा दिवस

मंगळवार, १८ जून २०२४ : नाहा

विमान नाहाला उतरू लागले तेव्हा खिडकीतून आधी दिसले ते प्रवाळाच्या कडेने फिकट हिरवे झालेले पाणी, आणि मागोमाग धावपट्टीच्या बाजूला ओळीने उभी असलेली राखाडी लष्करी विमाने. नाहाची धावपट्टी प्रवासी विमाने आणि जपानचे हवाई दल अशी दोघांत वाटलेली आहे, हे मला ठाऊक होते. तरीही सुट्टीच्या आनंदात टोप्या सावरणारी मुले आणि ती विमाने एकाच खिडकीत दिसल्यावर मी ज्या कामासाठी आले होते त्याची आठवण आपोआप झाली.

मी गेली अकरा वर्षे टोकियोत भाषांतराचे काम करते. माझे मूळ गाव मुळशी खोऱ्यातले. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, 'जान किंवा जमीन' अशी घोषणा दिली आणि शेवटी जमीन गमावली. त्या गमावलेल्यांत माझे पणजोबा होते. ओकिनावात युद्धाला विरोध करणाऱ्या माणसांविषयी मी जपानी वर्तमानपत्रांत अनेक वर्षे वाचत आले होते. इए नावाच्या एका लहान बेटावरील शेतकऱ्यांनी १९५४ मध्ये अमेरिकी लष्कराशी बोलताना पाळायचे नियम लिहून काढले होते, हे मात्र मला अलीकडेच कळले. त्यांतला एक नियम असा होता की, बोलताना हात कानाच्या वर न्यायचा नाही. तो वाचला त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढले.

ज्यांना या बेटांची पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ओकिनावा हे पूर्वी र्‍युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते, ते जपानने १८७९ मध्ये आपल्यात सामील करून घेतले. १९४५ च्या वसंतात येथे जे युद्ध झाले त्यात ओकिनावातील सुमारे चारांपैकी एक माणूस मेला. त्यानंतर २७ वर्षे बेटांवर अमेरिकेचा अंमल राहिला आणि १५ मे १९७२ रोजी ती जपानकडे परत आली, पण तळ गेले नाहीत. जपानच्या एकूण भूभागाच्या ०.६ टक्के एवढ्याशा या प्रांतात, केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी राखलेल्या लष्करी जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन आहे. मुख्य बेटाचा जवळपास १५ टक्के भाग कुंपणांच्या आत आहे.

संध्याकाळी माकिशीच्या बाजारात भाताच्या चौकोनात अंडे आणि डब्यातील मांस घालून केलेला, येथे सर्वत्र मिळणारा पदार्थ विकणाऱ्या बाईंशी बोलणे झाले. हे डब्यातले मांस अमेरिकी अमलाच्या काळात बेटावर आले आणि स्वयंपाकघरात कायमचे राहिले. बाईंना हेनोकोला होत असलेल्या नव्या अमेरिकी तळापेक्षा योनागुनी, मियाको आणि इशिगाकी या दक्षिणेकडील बेटांची काळजी अधिक वाटत होती. योनागुनीपासून तैवान अवघे ११० किलोमीटर आहे. तिथे २०१६ मध्ये, मियाकोत २०१९ मध्ये आणि इशिगाकीत २०२३ मध्ये जपानच्या स्वतःच्या सैन्याचे तळ उभे राहिले. "पूर्वी आम्ही दुसऱ्यांच्या युद्धात सापडलो," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळीही दुसऱ्यांच्याच युद्धात सापडू."

बुधवार, १९ जून : गिनोवान

काकाझु नावाच्या टेकडीवर सकाळी आठ वाजताही घाम निथळत होता. एप्रिल १९४५ मध्ये या टेकडीसाठी दोन्ही सैन्ये दोन आठवड्यांहून अधिक काळ झुंजली. आज तिथे बाग आहे, मुलांसाठी घसरगुंडी आहे, आणि झाडीत सिमेंटचा एक जुना मोर्चा आहे ज्याच्या भोकातून माझा हातही नीट आत जाईना. वर पृथ्वीच्या गोलासारखा निळा मनोरा आहे, आणि त्यावरून फुतेन्मा येथील अमेरिकी मरीन दलाचा हवाई तळ पूर्ण दिसतो.

गिनोवान हे दाट वस्तीचे शहर आहे, आणि त्याच्या बरोबर मध्यभागी सुमारे ४७६ हेक्टरांचा हा तळ बसलेला आहे. शाळा, दवाखाने, दुकाने सगळी कडेकडेने उभी आहेत. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी लोकांना तळाला वळसा घालावा लागतो. मी मनोऱ्यावर असताना दोन ऑस्प्रे विमाने उठली, आणि त्यांचा आवाज कानांत कमी आणि छातीत जास्त जाणवला. कुंपणाला लागूनच एक प्राथमिक शाळा आहे. १३ डिसेंबर २०१७ रोजी तळावरील हेलिकॉप्टरची सुमारे पावणेआठ किलो वजनाची खिडकी तिच्या मैदानावर पडली, तेव्हा मैदानात मुले खेळत होती. त्याआधी, १३ ऑगस्ट २००४ रोजी, एक हेलिकॉप्टर जवळच्या विद्यापीठाच्या इमारतीवर कोसळले होते.

हा तळ बंद करण्याचे वचन १९९६ मध्येच देण्यात आले होते. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला आणि त्यानंतर २१ ऑक्टोबरला याच शहरात सुमारे ८५ हजार लोक जमले. त्या मेळाव्याने दोन्ही सरकारांना हलवले. पाच ते सात वर्षांत जमीन परत मिळेल असे ठरले, पण त्या बदल्यात बेटावरच दुसरीकडे नवा तळ बांधण्याची अट आली. ती दुसरी जागा म्हणजे हेनोको, जिथे समुद्रात भराव घालून धावपट्टी बांधली जात आहे. २८ वर्षे झाली, फुतेन्मा अजून तिथेच आहे.

दुपारी मी साकिमा कलासंग्रहालयात गेले. संग्रहालयाचे संस्थापक साकिमा मिचिओ यांच्या पूर्वजांची जमीन तळाच्या आत होती. त्यांनी प्रयत्नपूर्वक तिचा काही भाग १९९२ मध्ये सोडवून घेतला आणि १९९४ मध्ये तेथे हे संग्रहालय उभे केले. आतल्या मोठ्या दालनात ओकिनावाच्या युद्धाचे, चार मीटर उंच आणि साडेआठ मीटर रुंद असे चित्र आहे. हिरोशिमाची चित्रे काढणाऱ्या मारुकी दाम्पत्याने ते युद्धातून वाचलेल्यांच्या कहाण्या ऐकून काढले. चित्रातील काही चेहऱ्यांना डोळ्यांची बुबुळे नाहीत. मी समोर बसले होते, तेव्हा शाळेची एक सहल आली. मुले पहिल्या मिनिटाला कुजबुजत होती, दुसऱ्या मिनिटाला गप्प झाली, आणि त्यांच्यातील एक मुलगी भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. शिक्षकांनी तिला वळायला सांगितले नाही, ते मला फार आवडले.

गच्चीवर जायला आधी सहा आणि मग तेवीस पायऱ्या आहेत. २३ जून, म्हणजे १९४५ मध्ये संघटित लढाई संपल्याचा दिवस, त्यावरून ही संख्या घेतली आहे. त्या दिवशीचा मावळता सूर्य वरच्या भिंतीत कोरलेल्या लहान चौकोनातून बरोबर दिसावा अशी बांधणी आहे. चौकोनाच्या पलीकडे लगेच तळाचे कुंपण. त्याला लागून साकिमा कुटुंबाची कासवाच्या पाठीसारखी घुमटाकार कबर आहे. असल्या कबरींत १९४५ मध्ये जिवंत माणसे लपून बसली होती.

गुरुवार, २० जून : हेनोको

रात्री नागोला मुक्काम करून सकाळी ७७ क्रमांकाच्या बसने हेनोकोच्या फाटकापाशी उतरले तेव्हा साडेआठ झाले होते. राष्ट्रीय महामार्ग ३२९ च्या एका बाजूला कॅम्प श्वाब या अमेरिकी तळाचे कुंपण, दुसऱ्या बाजूला निळ्या ताडपत्र्यांचे तंबू. तंबूच्या खांबावर पाटी होती आणि त्यावर बदलता येणारे आकडे : ३,६३७. ७ जुलै २०१४ रोजी येथे ठिय्या सुरू झाला, त्या दिवसापासून मोजलेला हा दिवस. त्याही आधी, १९ एप्रिल २००४ पासून, खाली मासेमारी बंदरावर लोक बसत आले आहेत. तो तंबू आणि तो हिशेब वेगळा.

तंबूत मंडळी घरच्यासारखी वावरत होती. कोणी थर्मासमधून चमेलीचा चहा ओतत होते, कोणी फलकांच्या काठ्या तपासत होते, एक आजोबा तीन तारांचे सानशिन जुळवत होते. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. मी परदेशी नागरिक आहे आणि जपानचा रहिवासी परवाना असलेल्या परदेशी माणसाने ठिय्यात बसणे त्याच्या परवान्यावर येऊ शकते, हे मी आधीच स्पष्ट सांगितले. कोणालाही वाईट वाटले नाही. एका बाईंनी माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आणि दोन छत्र्या दिल्या आणि म्हणाल्या, "मग तू सावली धर."

त्या बाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांना सगळे 'ओबा', म्हणजे आजी, म्हणत होते. मीही आजीच म्हणू लागले. त्यांच्या टोपीला मानेवर येणारे कापड शिवलेले होते, हातांत मनगटापर्यंतचे सुती मोजे होते आणि काखेत घडीचे स्टूल. फाटकासमोर गेल्यावर त्यांनी स्टुलावर आधी एक उशी ठेवली, उशीवर प्लास्टिक पसरले, प्लास्टिकवर छोटा टॉवेल घातला आणि मग बसल्या. शेतावर भाजी निवडायला बसणाऱ्या बाईचा जो जम असतो, तोच त्यात होता. आजूबाजूला तीसेक माणसे बसली, काही सिमेंटच्या ठोकळ्यांवर टाकलेल्या फळ्यांवर, काही थेट डांबरावर.

नऊच्या सुमारास डंपरांची रांग दिसली. ध्वनिक्षेपकावरून रस्ता मोकळा करण्याच्या सूचना सुरू झाल्या, एकच सूचना पुन्हा पुन्हा, चढत्या स्वरात. मग फाटकातून गडद निळ्या गणवेशातील पोलीस बाहेर आले. कोणी ढकलाढकली केली नाही. एकेका माणसासमोर तिघे-चौघे उभे राहायचे, वाकून काही सांगायचे, नकार आला की खांदे आणि पाय धरून उचलायचे. आजींना उचलायला चार महिला पोलीस आल्या. आजींनी दोन्ही हात मांडीवर एकात एक गुंफले, अंग पूर्ण सैल सोडले आणि सर्वांत लहान वाटणाऱ्या पोलीस मुलीला म्हणाल्या, "वाकू नकोस, गुडघ्यातून उचल. पाठ धरेल, बाळ." ती मुलगी खरोखर गुडघ्यात वाकली. तिच्या कानामागून घामाचा थेंब ओघळून कॉलरमध्ये गेला, तेवढा मला दिसला. आजींना पदपथाच्या कडेला ठेवल्यावर तिने त्यांची उशी उचलून आणली, झटकली आणि शेजारी ठेवली.

डंपर आत जायला लागले. मी मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे आकडा चुकला. प्रत्येकात खडक होते, आणि ते सगळे समुद्रात जाणार होते. शेवटचा डंपर गेला, पोलीस परत फाटकाआड गेले, आणि मंडळी उठून तंबूत आली, तांदळाचे गोळे उघडले. अशी उचलाउचल दिवसात तीनदा होते : सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनच्या सुमारास. बाराला आजी पुन्हा बसल्या, तीनलाही बसल्या. "अंग ताठ केले तर त्यांना सोपे जाते आणि आपले हाड मोडते," त्यांनी मला समजावले. "सैल सोडले की आपण पोत्यासारखे जड होतो. त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ समुद्र वाचतो." मी पुढे आणखी तीन दिवस बेटावर होते, पण या आंदोलनाचे याहून नेमके वर्णन मला कोणाकडून ऐकायला मिळाले नाही.

दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी खाली बंदराकडे गेले. समुद्रकिनाऱ्यावर तळाची हद्द दाखवणारे कुंपण थेट पाण्यात उतरते, आणि त्याच्या जाळीला देशोदेशींहून आलेल्यांनी बांधलेल्या फिती आणि कापडी फलक आहेत. उन्हाने त्यांचे रंग उडाले आहेत. पलीकडे ओउरा उपसागर. निळ्या प्रवाळांचा तेथे मोठा समूह आहे, आणि डुगाँग हा समुद्री सस्तन प्राणी या किनाऱ्याचे गवत खायला येत असे. याच उपसागराच्या तळाशी गाळाची जमीन आहे, इतकी मऊ की वर्तमानपत्रांनी तिला मेयोनीजची उपमा दिली. ती घट्ट करण्यासाठी वाळूचे सुमारे ७१ हजार खांब रोवावे लागतील. सरकारचा स्वतःचा २०१९ चा अंदाज १२ वर्षांचा आणि ९३ हजार कोटी येनचा आहे.

हे लोकांना विचारून झालेले नाही, असेही कोणी म्हणू शकत नाही. हेनोको ज्या नागो शहरात येते तिथे २१ डिसेंबर १९९७ रोजी मतदान झाले, बहुमत विरोधात गेले. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी साऱ्या प्रांताने मत दिले, आणि ४ लाख ३४ हजार २७३ जणांनी, म्हणजे मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी, भराव नको असे सांगितले. ओनागा ताकेशी यांनी प्रांताचे निवडून आलेले राज्यपाल म्हणून हा लढा न्यायालयात नेला आणि ते ऑगस्ट २०१८ मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतर आलेल्या तामाकी डेनी यांनीही परवानगी नाकारली. तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्र्याने प्रांताच्या वतीने स्वतःच परवानगी देऊन टाकली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी ओउरा उपसागराच्या बाजूने काम सुरू झाले. विचारायचे, उत्तर ऐकायचे आणि मग आपल्याला हवे तेच करायचे, याचा संताप मला त्या किनाऱ्यावर फार तीव्रतेने आला. मुळशीतही अर्ज-विनंत्या झाल्याच होत्या.

गावातली दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. हेनोकोच्या वरच्या भागात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सैनिकांसाठी बारची वस्ती उभी राहिली. तळ उभारताना गावाशी बोलणी करणाऱ्या अमेरिकी मेजरच्या नावावरून तिला आजही ॲपल टाउन म्हणतात. रंग उडालेल्या इंग्रजी पाट्यांखाली आता बहुतेक दारे बंद आहेत. एका खानावळवाल्या काकांनी सोबा, म्हणजे रस्स्यातल्या शेवया, वाढता वाढता सांगितले की, त्यांचे शिक्षण तळावरच्या कामातून झाले, गावाला भाड्याचे पैसे येतात आणि फाटकावर बसणाऱ्यांपैकी फार थोडे या गावचे आहेत. मी विचारले, "मग तुम्हाला तळ हवा आहे का?" त्यांनी बराच वेळ रस्सा ढवळला. "हवा असे मी कधी म्हटले नाही," ते म्हणाले.

शुक्रवार, २१ जून : आवा

भरावाचा दगड हेनोकोला येतो तो बेटाच्या दुसऱ्या अंगाने. मोतोबु द्वीपकल्पातील डोंगर फोडून निघालेले खडक डंपरांनी आवा येथील धक्क्यावर येतात, तिथे बोटींत भरले जातात आणि बेटाला वळसा घालून हेनोकोला पोचतात. आवाच्या प्रवेशद्वारापाशी लोक बसत नाहीत, चालतात. डंपर वळायला आला की चार-पाच जण हातात फलक घेऊन पादचारी पट्टीवरून अतिशय सावकाश पलीकडे जातात, मग तितक्याच सावकाश अलीकडे येतात. याला 'ग्यूहो', म्हणजे बैलाची चाल, असा शब्द आहे. पट्टीवरून चालणे हा कोणाचाही हक्क आहे, त्यामुळे थांबावे लागते ते डंपरला.

मी तिथे सकाळचे तीन तास होते. धुळीने पायांतील चपला लाल झाल्या, आणि डंपरांच्या ब्रेकचा फसफस आवाज दुपारपर्यंत कानात राहिला. रखवालदार, चालक आणि चालणारे यांच्यात रोजच्या सहवासाने एक लय जमलेली दिसली. तरी त्या वळणावर मला भीती वाटत होती. बरोबर एका आठवड्याने, २८ जूनला, त्याच ठिकाणी एका डंपरखाली सापडून सत्तेचाळीस वर्षांचा रखवालदार मृत्युमुखी पडला आणि विरोध करणारी बहात्तर वर्षांची एक स्त्री गंभीर जखमी झाली. बातमी मी टोकियोत वाचली. मी पाहिलेल्यांपैकी ते दोघे होते की नाही, हे मला कळायला मार्ग नाही.

शनिवार, २२ जून : इए

मोतोबु बंदरातून फेरीबोट अर्ध्या तासात इएला पोचते. दुरून बेट सपाट दिसते, मध्ये फक्त १७२ मीटर उंचीचा एकच टोकदार सुळका. शेंगदाणे, ऊस, तंबाखू यांची शेते लाल मातीत आखलेली होती, आणि बांधांवर दगडांच्या रचलेल्या ओळी पाहून मला क्षणभर आपल्या मावळातले उतार आठवले.

बंदराजवळून वर गेले की गावची जुनी सार्वजनिक गहाणवटीची इमारत लागते. १९४५ च्या एप्रिलमधील लढाईनंतरही बेटावर उभी उरलेली जवळपास ही एकच वास्तू. सिमेंटच्या भिंतीत आरपार भोके आहेत, कडेने लोखंडी सळ्या वळून बाहेर आल्या आहेत. एका भोकात कोणत्या तरी पक्ष्याने काड्या आणून ठेवल्या होत्या. त्या लढाईत बेटावरचे सुमारे १,५०० गावकरी मेले. वाचलेल्यांना अमेरिकनांनी दुसऱ्या बेटांवर नेऊन ठेवले आणि दोन वर्षांनी परत येऊ दिले, तोवर त्यांच्या शेतांवर धावपट्ट्या झाल्या होत्या.

आहागोन शोको यांची कहाणी इथून सुरू होते. १९०१ मध्ये जन्मलेले हे शेतकरी तरुणपणी मजुरीसाठी क्युबा आणि पेरूला गेले, १९३४ मध्ये परतले, इएवर तुकड्यातुकड्याने जमीन घेतली आणि डेन्मार्कच्या नमुन्यावर शेतकऱ्यांची शाळा काढायचे ठरवले. युद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. मग १९५५ च्या मार्चमध्ये सुमारे ३०० सैनिक बेटावर उतरले, माजा वस्तीतील १३ घरे पाडली आणि शेते बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली. बेटाची साठ टक्क्यांहून अधिक जमीन लष्कराकडे गेली.

शेतकऱ्यांनी आधीच नियम लिहून ठेवले होते : अमेरिकनांशी बोलताना रागावायचे नाही, वाईट शब्द वापरायचा नाही, नेहमी खाली बसून बोलायचे, हातात विळा-काठी काही धरायचे नाही, हात कानाच्या वर न्यायचा नाही. त्यापुढे असाही एक नियम होता की, आपण पिकवणारे आहोत, नासधूस करणाऱ्या सैनिकांपेक्षा आपण माणूस म्हणून वरचढ आहोत आणि त्यांना शिकवण्याची आपली तयारी हवी. हात वर गेला की हल्ला केला असे म्हणून गोळी घालता येते, हे त्यांनी ओळखले होते. पण हा नियम केवळ सावधगिरीचा नव्हता. खाली बसलेला, हात मांडीवर ठेवलेला, न चिडणारा माणूस समोरच्याला स्वतःकडे पाहायला लावतो. काल-परवा हेनोकोला आजींनी गुंफलेले हात कुठून आले, ते मला तिथे उमगले.

जमीन गेल्यावर खाण्याचे वांधे झाले, तेव्हा १९५५ च्या जुलैपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत इएचे शेतकरी कुटुंबकबिल्यासह मुख्य बेटावर दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत भीक मागत चालले. भीक मागणे लाजिरवाणे आहे, पण बळाने जमीन घेऊन भीक मागायला लावणे त्याहून लाजिरवाणे आहे, असे त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. त्या चालण्याने साऱ्या ओकिनावाला जाग आली. १९५६ मध्ये जमिनींच्या प्रश्नावर जे बेटव्यापी आंदोलन पेटले, त्याची ठिणगी हीच. आज इएवर लष्कराकडे सुमारे ३५ टक्के जमीन उरली आहे. बाकीची परत मिळाली ती कोणी बक्षीस दिलेली नाही.

आहागोन यांनी १९८४ मध्ये उभे केलेले संग्रहालय किनाऱ्याजवळ आहे. 'नुचि दु ताकारा', म्हणजे जीव हाच ठेवा, या ओकिनावी म्हणीवरून त्याचे नाव ठेवले आहे. इमारत साधी, एखाद्या गोदामासारखी. काचेच्या पेट्या नाहीत. सरावात टाकलेल्या नकली अणुबॉम्बची कवचे, हवाई छत्र्यांचे कापड, पत्रे, फाटके कपडे सगळे हाताने उचलून पाहता येते. मी एका कवचावर हात ठेवला, ते उन्हाने तापलेल्या तव्यासारखे लागले आणि गंजाची भुकटी तळव्याला चिकटली. भिंतीवर फोटो आहेत. सैन्य आपली कृत्ये नाकारते हे पाहून आहागोन यांनी कॅमेरा घेतला आणि पुराव्यासाठी एकेक घटना टिपली. जो शेतकरी हात कानाच्या वर नेत नव्हता, त्याने डोळ्यापर्यंत नेलेली ही एकच वस्तू. तलवार धरणारे तलवारीने नष्ट होतात, तसे तळ बाळगणारे देश तळांनीच नष्ट होतात, असे त्यांचे वाक्य तिथे मोठ्या अक्षरांत आहे. ते २००२ मध्ये, शंभरी ओलांडून, वारले. त्यांना ओकिनावाचे गांधी म्हणतात. मला तिथे गांधीजींइतकेच बापटही आठवत होते, आणि आमच्या घरी कधीही नीट न सांगितली गेलेली पणजोबांची हकीकत आठवत होती. त्यांचा एकही फोटो नाही.

रविवार, २३ जून : माबुनी

आज इरेइ नो हि, मृतांच्या स्मरणाचा दिवस. ओकिनावात सुट्टी असते. नाहाहून दक्षिणेला माबुनीच्या कड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेपासून गाड्या होत्या. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती समुद्राच्या लाटांसारख्या घड्या घालत दूरवर जातात, आणि त्यांवर २ लाख ४२ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. १९९५ मध्ये हे स्मारक खुले झाले. ओकिनावी, जपानी, अमेरिकी, ब्रिटिश, कोरियन, तैवानी, सैनिक आणि मुले, सगळी एकाच स्मारकावर. शत्रूची नावे वगळायची नाहीत हा निर्णय घेणाऱ्या समाजाविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो शब्दांत मांडणे मला जमत नाही.

समारंभाला पंतप्रधान आले होते, बंदोबस्त कडक होता. बरोबर बारा वाजता मिनिटभर सगळे स्तब्ध झाले, फक्त किड्यांची किरकिर ऐकू येत राहिली. राज्यपालांचे शांतिघोषणेचे वाचन आणि शाळकरी विद्यार्थ्याची कविता मी लांबून ऐकली, पण मन भिंतींकडेच होते. तिथे कुटुंबे आपापल्या नावापाशी बसली होती. फुले, चहाची बाटली, उकडलेली रताळी, कागदात बांधलेले गोड वडे नावाखाली मांडलेले. माणसे बोटाने अक्षरे गिरवत होती.

याच परिसरातील मातीत अजूनही अस्थी निघतात. गुशिकेन ताकामात्सु हे चाळीस वर्षांहून अधिक काळ गुहांत आणि झाडीत खणून त्या बाहेर काढत आले आहेत. हेनोकोच्या भरावासाठी या दक्षिण भागातील माती नेण्याचा बेत पुढे आला, तेव्हा ते २०२१ च्या मार्चमध्ये उपोषणाला बसले. मेलेल्यांची हाडे मिसळलेली माती समुद्रात टाकून त्यावर युद्धाची धावपट्टी बांधायची, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. मलाही होत नाही.

आजींनी मला दोनच्या सुमारास बोलावले होते. त्यांचे गाव इथून जवळच. १९४५ च्या जूनमध्ये त्या सात वर्षांच्या होत्या आणि एका गुहेत, 'गामा'त, लपल्या होत्या. तिथेच त्यांच्या आईला मुलगा झाला. आवाज बाहेर जाईल म्हणून बाळाला रडू द्यायचे नव्हते. चौथ्या दिवशी ते गेले, नाव ठेवायच्या आधी. भिंतीवर वडिलांचे नाव आहे आणि त्याच्या शेजारी, बाकीच्या नावांएवढ्याच अक्षरांत, 'यांचा दुसरा मुलगा' असे कोरले आहे.

आजींनी बाटलीतले पाणी तळव्यावर घेतले आणि त्या अक्षरांवरून वरून खाली फिरवले. ओला दगड काळाभोर झाला, अक्षरे उठून दिसली, आणि त्या उन्हात मिनिटभरात पुन्हा राखाडी झाली. त्यांनी पुन्हा पाणी घातले. मी छत्री धरून उभी होते. आम्ही तिथे असेतो त्यांनी सहा-सात वेळा तसे केले, आणि दर वेळी त्या बाळाशी काहीतरी बोलल्या, ओकिनावी भाषेत, जी मला समजत नाही.

मग बाटलीचे झाकण लावून त्यांनी गोड वड्यांतला एक मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि घड्याळ पाहिले. उद्या सोमवार, फाटकावर डंपर येणार होते. बस नाहाहून सकाळी लवकर सुटते, आणि आज लवकर झोपायला हवे, असे त्या म्हणाल्या.